दीपप्रज्वलन आणि मी : ट्रेनी रिपोर्टरचे सहा महिने

मागच्या आठवड्यात बार्शीहून मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. एका पेपरला ट्रेनी म्हणून लागतेय, ताई बातमी लिहायची कशी ते सांग ना. मी अर्धा तास बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की नुसतं "इंट्रो महत्त्वाचा असतो गं" हे वाक्य चार वेळा बोलले, बाकी काही नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतेय. मी काही मोठी पत्रकार नाही, अजूनही माझी कॉपी (म्हणजे लिहून दिलेली बातमी) डेस्कवरून, जिथे बातम्या तपासतात तिथून, लाल होऊन येते, पण सुरुवातीचं ते गांगरलेपण अजून ताजं आहे, म्हटलं विसरायच्या आधी लिहावं.

जाहिरात एप्रिल २०२३ मध्ये दिसली, व्हॉट्सॲपवर. सोलापूरच्या जिल्हा कार्यालयासाठी प्रशिक्षणार्थी बातमीदार, सहा महिने, मानधन ९ हजार, स्वतःची दुचाकी हवी. मी बी.कॉम., पत्रकारितेचा कोर्स वगैरे काही नाही. ३० एप्रिलला, रविवारी परीक्षा होती. एक इंग्रजी उतारा मराठीत करायचा, एका भाषणाची बातमी करायची आणि शंभर शब्दांत "मी पत्रकार का होणार". शेवटच्यात मी लोकशाहीचा चौथा स्तंभ आणला, सगळ्यांनीच आणला असणार. मग २४ दिवस काहीच नाही. मी दोनदा फोन केला, "कळवू" म्हणाले. २४ मे ला फोन आला की ५ जूनला सोमवारी या, दहावी-बारावी-पदवीच्या झेरॉक्स, आधार, लायसन, दोन फोटो. पहिलं मानधन हातात पडायला जुलैची २० तारीख उजाडली, त्यामुळे दीड महिन्याचा खर्च जवळ ठेवूनच जा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं रूमचं भाडं (दोघीत) २२०० आणि पेट्रोल महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास जायचं, डबा वेगळा. म्हणजे घरून पैसे घ्यावेच लागले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पहिल्याच दिवशी, ५ जून म्हणजे जागतिक पर्यावरण दिन, मला एका कॉलेजच्या वृक्षारोपणाला पाठवलं. ट्रेनीला असलंच मिळतं. मी वहीत सगळं लिहून घेतलं, कोण कुठे बसलं होतं तेसुद्धा, आणि संध्याकाळी दोन तास घासून ४०० शब्दांची कॉपी फाईल केली. सुरुवात अशी होती, जशीच्या तशी देते:

"जागतिक पर्यावरण दिनाचे औचित्य साधून येथील महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना विभागाच्या वतीने वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. कार्यक्रमाची सुरुवात मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलनाने करण्यात आली."

मग मान्यवरांची नावं, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग भाषणं ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने, मग सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, आणि शेवटी "कार्यक्रमाची सांगता राष्ट्रगीताने झाली". मला वाटलं झकास झालंय.

आमच्या डेस्कवर एक काका आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात, संपादकसुद्धा. रिटायरमेंटला आलेले, खिळे (छपाईची सुटी धातूची अक्षरं) जुळवायच्या प्रेसपासून सुरुवात केलेले. त्यांची सवय म्हणजे नवीन पोरांची कॉपी स्क्रीनवर न तपासता प्रिंट काढून तपासायची. माझी प्रिंट त्यांनी वरून खाली वाचली, काही बोलले नाहीत, सातव्या पॅरातल्या एका वाक्याभोवती गोल केला, आणि तिथून एक लांब बाण काढला तो थेट कागदाच्या डोक्यावर. बास. कागद परत दिला.

ते वाक्य प्राचार्यांच्या भाषणातलं होतं. ते ओघात बोलून गेले होते की मागच्या वर्षी पाचशे रोपं लावली, त्यातली जेमतेम सव्वाशे जगली, म्हणून यंदा फक्त शंभरच लावतोय आणि एकेक रोप एकेका विद्यार्थ्याच्या नावावर करतोय, ते तीन वर्षं त्यानंच सांभाळायचं. मी हे टिपून घेतलं होतं, पण मला ती बातमी वाटलीच नव्हती, मला बातमी म्हणजे कार्यक्रम वाटला होता. काकांनी मग तोंडी सांगितलं, "अगं, दिवा सगळीकडेच लावतात. दिवा लावला नाही तर बातमी." छापून आलं ते असं होतं:

"गेल्या वर्षी लावलेल्या पाचशे रोपांपैकी जेमतेम सव्वाशे जगल्याने येथील महाविद्यालयाने यंदा शंभरच रोपे लावली आहेत. प्रत्येक रोप एका विद्यार्थ्याच्या नावावर असून, ते तीन वर्षे जगवण्याची जबाबदारी त्याची राहील."

त्याखाली प्राचार्यांचं एक वाक्य, कुठली झाडं आणि पाण्याची सोय काय. सिंगल कॉलम, बोटभर. ४०० शब्दांतून ६० उरले. आईने तरी कात्रण काढून ठेवलंय, नाव नाही माझं त्यात, "प्रतिनिधी" आहे.

आता हा उलटा पिरॅमिड, म्हणजे महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, हे नेटवर शोधलं की लगेच सापडतं, मीही वाचलं होतं. पण तो तसाच का, हे काकांनी सांगितलं तेव्हा डोक्यात बसलं. खिळ्यांच्या जमान्यात बातमी जुळवून झाली की पानावर बसवायची, आणि जागा कमी पडली तर खालच्या ओळी उचलून बाजूला ठेवायच्या. मधल्या ओळी काढायला आणि परत जुळवायला वेळ कुणाला आहे? आज खिळे गेले, पान कॉम्प्युटरवर लागतं, पण रात्री साडेदहाला एक जाहिरात आली की काय होतं? पान लावणारा पोरगा तुमची बातमी वाचत बसत नाही, खालून कापतो. त्यामुळे आपण लिहितानाच धरून चालायचं की शेवटचे दोन पॅरे जाणार आहेत. मी अजूनही कॉपी पाठवायच्या आधी शेवटचा पॅरा हाताने झाकून बघते, मग त्याच्या वरचा, आणि प्रत्येक वेळी उरलेली बातमी आपल्या पायावर उभी राहते का ते बघते. माझ्या पहिल्या कॉपीत असं झाकलं असतं तर वर फक्त दिवा पेटलेला उरला असता.

पहिले तीन आठवडे काकांनी माझ्याकडून एक विचित्र प्रकार करून घेतला. ऐंशीच्या दशकात ते तालुक्याला बातमीदार होते तेव्हा पोस्टात जाऊन ट्रंक कॉल बुक करायचे, तो तीन मिनिटांच्या हिशेबाने असायचा. तर मला म्हणाले, जिथं गेलीस तिथून निघायच्या आधी मला फोन करायचा आणि बातमी सांगायची, तीन मिनिटं झाली की मी ठेवणार. आणि खरंच ठेवायचे! पहिल्यांदा मी "काका, मी इथे सात रस्त्याला आलेय, म्हणजे आधी मला वाटलं होतं की मोर्चा पार्क चौकातून निघेल पण" असं करत करत मागण्यांपर्यंत पोचायच्या आत फोन कट. ऑफिसला गेल्यावर म्हणाले, "मोर्चा निघाला का नाही तेच मला कळलं नाही, मी पान छपाईला सोडलं." चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी फोन लावायच्या आधीच मनात ठरवायला लागले की पहिलं वाक्य काय बोलायचं. तेच इंट्रो असतं. वहीकडे न बघता जे पहिलं तोंडातून येतं त्यात बहुतेक वेळा बातमी असते, आणि जे आठवायला वही उघडावी लागते ते खालच्या पॅऱ्यात जातं. अजून एक फायदा म्हणजे काका मध्येच विचारायचे, "किती जण होते? कुणी मोजले?" आणि मी अजून तिथेच असायचे, त्यामुळे विचारून घेता यायचं. ऑफिसात आल्यावर कळलं की वय राहिलं, गाव राहिलं, तर मग फोनाफोनी, आणि रात्री आठनंतर कुणी फोन उचलत नाही. डाक आवृत्ती, म्हणजे तालुक्यांना जाणारी, ती लवकर सुटते, त्यामुळे ग्रामीणची बातमी असेल तर तुमची डेडलाइन शहरापेक्षा आधीची असते हेही लक्षात ठेवा.

कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे सहा प्रश्न सगळ्यांना पाठ असतात. नवीन माणूस (म्हणजे मी) काय करतो, सहाही उत्तरं पहिल्याच वाक्यात कोंबतो. आणि इथे मराठीची एक गंमत आहे जी मला कुठल्याच इंग्रजी टिप्समध्ये मिळाली नाही. आपलं क्रियापद येतं शेवटी. म्हणजे "कोणी काय केलं" यातलं "केलं" वाचकाला सगळ्यात शेवटी मिळतं. मध्ये तुम्ही साहेबांचं पद, खातं, कार्यक्रमाचं ठिकाण, निमित्त, वार, तारीख, सोबत कोण होतं हे सगळं भरलंत की वाचक ४५ शब्द श्वास धरून बसतो आणि शेवटी कळतं, "नाकारले". मग त्याला मागे जाऊन परत वाचावं लागतं, आणि परत कुणी वाचत नाही, तो शेजारची बातमी वाचतो. त्यामुळे मी क्रियापदापर्यंतचे शब्द मोजायला लागले. पंचविसाच्या आत क्रियापद आलं तर ठीक. नाही आलं तर वाक्य तोडायचं, पद दुसऱ्या वाक्यात, निमित्त तिसऱ्या पॅऱ्यात. "कोण" पहिल्या वाक्यात नावानिशी यायलाच हवा असंही नाही. मोठा माणूस असेल तर नाव आधी, नाहीतर "शाळेच्या शिपायाने", "एका शेतकऱ्याने" एवढं पुरतं, नाव-गाव-वय खाली.

डेस्कवर एक दंडाचा डबा होता, काजूकतलीचा रिकामा. ठरावीक शब्द कॉपीत आले की शब्दाला ५ रुपये. औचित्य साधून, संपन्न, मोठ्या उत्साहात, सदर, एकच खळबळ उडाली, परिसरात हळहळ व्यक्त होत आहे. "दरम्यान" ला १० रुपये, कारण काकांच्या मते दोन पॅऱ्यांचा एकमेकांशी संबंध नसला की माणूस मध्ये दरम्यान टाकतो. माझा जून महिन्याचा दंड १४५ रुपये झाला, ऑफिसात विक्रम. त्याची भजी आली आणि ती मलाच कमी मिळाली.

आषाढीला, २७ ते २९ जून, मला सीनियर सरांबरोबर पंढरपूरला पाठवलं. त्या वर्षी आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, गुरुवारी २९ ला आली होती. मी ६५ एकरात (वारकऱ्यांच्या तंबूंचा तळ) फिरले, चंद्रभागेच्या वाळवंटात फिरले, आणि मोबाईलवर ७०० शब्द टाइप केले. त्यात वारकऱ्यांच्या तंबूतलं पाणी होतं, दर्शनरांगेत उभ्या आजी होत्या, एकादशीमुळे कुर्बानी पुढे ढकलण्याचं काही गावांनी ठरवलं तेही होतं, आणि शौचालयांची अवस्थाही होती. सरांनी तिथेच मठाच्या पायरीवर बसून वाचलं आणि म्हणाले, "ह्या चार बातम्या आहेत, तू त्यांची एकच खिचडी केलीस." एका कॉपीत एकच विषय. आजींची ९० शब्दांची चौकट झाली, कुर्बानीचं वेगळं दुसऱ्या बातमीदाराच्या कॉपीत गेलं, पाणी आणि शौचालय मिळून एक. मी लिहिलेलं तंबूतलं वर्णन कुठेच गेलं नाही, त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

तिथेच "आज" आणि "उद्या"चा घोळ शिकले. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते ती एकादशीच्या पहाटे, म्हणजे त्या दिवशीचा अंक छापायला गेलेला असतो. बुधवारी रात्री तुम्ही लिहिता "उद्या महापूजा", पण वाचक वाचतो गुरुवारी सकाळी, त्याच्यासाठी ती पहाटेच उरकलेली असते. मी अर्थातच "उद्या" लिहिलं होतं. म्हणून पेपरमध्ये "गुरुवारी (ता. २९) पहाटे" असं वार आणि तारीख घालून लिहितात, आज-उद्या-काल टाळतात. आणि व्यावहारिक म्हणजे, वारीत नेटवर्क मान टाकतं, फोटो जातच नाहीत, त्यामुळे मजकूर आधी साध्या मेसेजने पाठवा, फोटो नंतर गाव सोडून जरा बाहेर आल्यावर. पॉवर बँक मी तिथे जाऊन ९०० ला घेतली, घरून नेली असती तर वाचले असते.

जुलैत मला प्रेसनोटा दिल्या. ट्रेनीला हे काम कंटाळवाणं वाटतं पण रचना शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण माहिती सगळी समोर असते, फक्त क्रम लावायचा असतो. सरकारी प्रेसनोट एका विशिष्ट पद्धतीने लिहिलेली असते, आधी कुठल्या विभागामार्फत, कशाच्या अनुषंगाने, मग तांत्रिक कारण, मग निर्णय, आणि शेवटी "तरी नागरिकांनी नोंद घ्यावी". ती त्यांच्या जागी बरोबर असते, फाईलला लावायची असते ती. वाचकाला मात्र उलटी लागते. सोलापुरात पाणी हा रोजचा विषय. शहराला पाणी येतं तीन ठिकाणांहून, उजनीहून थेट पाइपलाइन, भीमेवर टाकळीहून (औज बंधाऱ्यात उजनीतून नदीने सोडलेलं) आणि हिप्परगा तलावातून. एका ठिकाणी पंपाचं किंवा जलवाहिनीचं काम निघालं की कुठल्या भागाला पाणी एक दिवस उशिरा येणार अशी प्रेसनोट येते. मी पहिल्यांदा अशी बातमी केली ती "जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले असून" अशी सुरू केली. माझी रूम पार्टनर ऑपरेशन थिएटरला नर्स आहे, ती रात्री घरी आल्यावर मी तिला फुशारकीने वाचून दाखवलं, ती म्हणाली "ते असू दे, आपल्याकडे पाणी कधी येणार?" मला सांगता आलं नाही. बातमी मीच लिहिली होती!

तेव्हापासून अशा बातमीत पहिल्या वाक्यात कुठला भाग आणि कुठला वार, दुसऱ्यात कारण, भागांची यादी वेगळ्या चौकटीत, आणि दुरुस्ती कधी संपणार ते तिसऱ्यात. प्रेसनोटमध्ये नसेल तर फोन करून विचारायचं. आणि हो, जिल्हा माहिती कार्यालयाच्या नोटेवर "सोलापूर, दि. १२ (जिमाका)" असं असतं, ते काढायचं असतं. मी एकदा तसंच ठेवलं आणि ते तसंच छापून आलं. दुसऱ्या दिवशी गावातून एका काकांनी आईला विचारलं, जिमाका म्हणजे काय हो, पोरगी कुठल्या संस्थेत आहे.

उजनीवरून आणखी एक धडा मिळाला. जुलैच्या सुरुवातीला धरण उणेत होतं. मी लिहिलं "धरण उणे ३५ टक्के" आणि पुढे गेले. काकांनी विचारलं, "उणे म्हणजे काय गं? भगदाड पडलंय का धरणाला?" मला नीट सांगता येईना. मग त्यांनी बसवून हिशेब करून घेतला. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर, त्यातला मृतसाठा (तळाचं, नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी) ६३.६६, उपयुक्त साठा ५३.५७. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्याची. समजा धरणात एकूण ४५ टीएमसी पाणी आहे, तर मृतसाठ्याच्या पातळीपर्यंत यायलाच १८.६६ कमी, त्याला ५३.५७ ने भागलं की साधारण उणे ३५ टक्के. म्हणजे धरण रिकामं नाही, ४५ टीएमसी पाणी आहे त्यात, पण ते सगळं मृतसाठ्यातलं. आता हे सगळं बातमीत लिहायचं का? नाही. पण स्वतःला कळल्याशिवाय एका ओळीत लिहिता येत नाही. शेवटी बातमीत एवढंच गेलं, "धरणात पाणी आहे, मात्र ते मृतसाठ्यातील असून आणखी १८ टीएमसीहून अधिक पाणी आल्यानंतरच उपयुक्त साठा सुरू होईल." आकडा आला की त्याच्या मागोमाग त्याचा अर्थ यायला पाहिजे, दोन पॅरे सोडून नाही.

ऑगस्टपासून क्राईम. रोज सकाळी सिव्हिलची पोलीस चौकी, मग पोलीस ठाणी. इथली रचना सगळ्यात ठरीव, कुणाचा मृत्यू, किती जखमी, कुठे, केव्हा, कसं, फिर्याद कुणाची, गुन्हा दाखल झाला का. यात मला एकच गोष्ट ठसवून सांगायचीय ती म्हणजे प्रत्येक वाक्य कुणाच्या नावावर उभं आहे ते बघा. "मारहाण केली" वेगळं आणि "मारहाण केल्याचे फिर्यादीत म्हटले आहे" वेगळं. गुन्हा दाखल झालेला माणूस गुन्हेगार नसतो. मला सुरुवातीला वाटायचं की दर वाक्याला "असे पोलिसांनी सांगितले" लावलं की कॉपी बोजड होते, मग मी एकदाच शेवटी लावायचे, आणि आठवतंय ना, शेवटचा पॅरा कापला जातो. म्हणजे पोलिसांचा हवाला गेला आणि उरलं ते सगळं माझ्या तोंडचं. आता पहिल्या दोन पॅऱ्यांतच हवाला येतो.

सप्टेंबरमधली एक रात्र अजून आठवली की पोटात गोळा येतो. एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती. नाव द्यायचं नसतं एवढं मला माहीत होतं, मी दिलं नव्हतं, त्यामुळे निर्धास्त होते. काकांनी माझी प्रिंट घेतली आणि पेनने एकेक शब्दाखाली रेघ मारत गेले. गावाचं नाव. शाळा. इयत्ता. वडिलांचा धंदा. मग म्हणाले, "एवढ्या गावात शाळा एक, वर्ग तू दिलास, बापाचा धंदा तू दिलास, मग नाव लपवलंस कुणापासून? पुण्याच्या माणसापासून?" मी काही बोलूच शकले नाही. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम २३ मध्ये नुसतं नाव नाही, पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. मोठ्या वयाच्या पीडितेसाठी तेव्हा भादंविचं (भारतीय दंड विधान) कलम २२८ अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. मी शिकले होते की सहा प्रश्नांची उत्तरं नसतील तर बातमी अपुरी, आणि इथे "कोण" आणि "कुठे" मुद्दाम अपुरं ठेवणं हीच बरोबर रचना होती. बातमी चार ओळींची गेली, तालुक्याच्या नावावर. त्या रात्री मी जेवले नाही.

मधल्या काळात मी माहिती अधिकाराचाही एक अर्ज टाकला होता, सरांनीच सुचवलं होतं, शाळांच्या मोडक्या वर्गखोल्यांबद्दल. १४ ऑगस्टला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आलं नाही. मग पहिलं अपील, त्याला २० रुपये. अपील टाकल्यावर कार्यालयातून फोन, मॅडम कशाला अपील, समक्ष या. गेले तर साहेब मीटिंगला, परत गेले तर कागद वेगळ्या टेबलला. शेवटी २० ऑक्टोबरला कागद मिळाले, पानाला २ रुपयांप्रमाणे ३८ पानं. अर्ज करताना एक चूक केली, "सविस्तर माहिती द्यावी" असं मोघम लिहिलं. कुठल्या कालावधीतली, कुठल्या नोंदवहीची, काय-काय रकाने हवेत हे लिहा, नाहीतर तुम्हाला हवं ते सोडून बाकी सगळं मिळतं.

आणि ही बातमी लिहिताना पहिल्यांदा उलटा पिरॅमिड मोडला. माझी पहिली कॉपी आकड्यांनी सुरू होत होती, तालुकानिहाय, आणि वाचताना मलाच झोप येत होती. सर म्हणाले यातल्या एका शाळेत जाऊन ये. गेले. पावसाळ्यात तिथली चौथी व्हरांड्यात भरायची आणि बाईंनी व्हरांड्याच्या खांबाला फळा बांधला होता, सुतळीने, त्यामुळे वारा आला की फळा हलायचा आणि पोरं हलणाऱ्या फळ्यावरून उतरवून घ्यायची. कॉपी तिथून सुरू केली. तीन वाक्यं फळा, चौथ्या वाक्यात, की ही एकटीच शाळा नाही, आणि मग आकडे. पानाच्या तळाला आडवी अँकर म्हणून लागली. असली सुरुवात रोजच्या बातमीला करू नका, अपघाताच्या बातमीत "सकाळची कोवळी उन्हं" लिहिणारे मी पाहिलेत. पण बातमी आजच छापली पाहिजे असं नसेल, उद्याही ती तितकीच खरी असेल, तर असं एखाद्या वर्गात, एखाद्या घरात वाचकाला नेऊन बसवता येतं. फक्त चौथ्या-पाचव्या वाक्याला तरी विषय काय आहे ते सांगून टाका. आणि संबंधित अधिकाऱ्याची बाजू. मी दोन दिवस फोन करत होते, कधी केला त्या वेळा वहीत लिहून ठेवल्या, शेवटी ते बोलले आणि त्यांचं म्हणणं चौथ्या पॅऱ्यात घेतलं. मी शेवटी ठेवलं होतं, काकांनी वर नेलं. कारण परत तेच, खालून कापतात.

बाकी हेडिंग देणं माझं काम नाही, ते डेस्क देतं, पण कॉपीबरोबर एक हेडिंग सुचवून पाठवायची सवय लावून घ्या. सहा-सात शब्दांत हेडिंग जमत नसेल तर समजायचं की बातमी काय आहे ते आपल्यालाच ठरलेलं नाही. असं झालं की मी कॉपी बाजूला ठेवून आधी हेडिंगच जुळवत बसते.

सहा महिने ५ डिसेंबरला संपले. त्या दिवशी काहीच झालं नाही. सहा तारखेलाही नाही. मी रोज येत होते, कॉपी देत होते, आणि आपण अजून ट्रेनी आहोत, कायम आहोत का काढलेल्या आहोत ते माहीत नव्हतं. एचआरला मेल केला, उत्तर नाही. सर म्हणाले येईल गं, मुख्य कार्यालयातून यायला वेळ लागतो. घरी आई रोज विचारायची. १९ डिसेंबरला दुपारी पाकीट आलं.

दोन पानी पत्र. पहिला पॅरा कंपनीच्या परंपरेविषयी. दुसरा, आपण दिनांक ५ जून २०२३ रोजी रुजू झालात त्या अनुषंगाने. तिसरा, प्रशिक्षण कालावधीतील कामगिरीचा आढावा घेण्यात आला. चौथा, नियम व अटी, त्याचे अ ते ऊ. मी उभ्या उभ्या वाचत होते आणि पान उलटताना हात थरथरत होता, आणि दुसऱ्या पानाच्या तळाला, सहीच्या अगदी वर, एक ओळ होती की आपणास बातमीदार या पदावर कायम करण्यात येत असून मासिक वेतन १५ हजार राहील.

काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पानं नीट वाचली, खिशातून लाल पेन काढला, त्या ओळीभोवती गोल केला आणि बाण काढायला लागले. ओरिजिनल होतं ते. मी झेरॉक्स काढायचीच राहिले होते.